पहिली टर्की, सरकारी जमिनीवर: ब्लॅक हिल्स की हीला?

गाइड नको, कुणाचं रँच भाड्याने नको. तंबू आपला, गाडी आपली आणि जमीन सरकारी. असं ठरवून मेरियम्स या जंगली टर्कीच्या मागे अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघणाऱ्यांपुढे बरेच पर्याय असतात. त्यातल्या दोनच जागा मी पुरेशा पायाखाली घातल्या आहेत: साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्स आणि न्यू मेक्सिकोतलं हीला राष्ट्रीय अरण्य. म्हणून या दोघांबद्दलच बोलतो. कॉल (टर्कीच्या आवाजाची नक्कल करायचं साधन) कुठला वापरावा, काडतुसं कुठली घ्यावीत, अंगावर काय घालावं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. लायसन्सचे दर आणि टॅगचे नियमही सांगत बसत नाही, ते बदलत असतात. त्या वर्षीची नियमपुस्तिका दोन्ही राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडून घ्या आणि तीच खरी माना.

पक्षी दोन्हीकडे एकच. शेपटीच्या कडेला आणि पाठीच्या मागच्या बाजूला जवळजवळ पांढरी पिसं. सकाळच्या उन्हात पिसारा फुलवलेला नर पाइनच्या बुंध्यांमधून लांबूनच चमकतो. एडवर्ड नेल्सन यांनी १९०० साली या पोटजातीला सी. हार्ट मेरियम यांचं नाव दिलं. हीलामधला पक्षी तिथलाच मूळचा आहे. ब्लॅक हिल्समध्ये तो १९४८ पासून न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोतून आणून सोडला गेला, आणि पाँडेरोसा पाइनच्या त्या डोंगरांत असा रुजला की आज तो तिथला नाही असं कुणाला वाटतही नाही.

सोय पाहिली तर ब्लॅक हिल्स सरळ पुढे आहेत, हे आधीच मान्य करतो. मी डेन्व्हरला राहतो. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला कस्टर गाव गाठता येतं. जंगलात रस्त्यांचं जाळं दाट आहे. पेट्रोल, बर्फ, गरम जेवण कधीच फार लांब नसतं. ओढ्यांना पाणी असतं. आणि मुख्य म्हणजे टर्की ऐकू येतात. माझ्या अनुभवात तिथली पहाट क्वचितच मुकी जाते. कुठल्याही रिजवर, म्हणजे डोंगराच्या धारेवर, उजाडायच्या आधी उभं राहिलं की एका तरी दिशेने गॉबल, म्हणजे नराची साद, येतोच. पहिल्यांदा जाणाऱ्याला याचा केवढा धीर वाटतो ते मला माहीत आहे. एप्रिलअखेर एखादं वादळ घोट्याएवढं बर्फ टाकून जातं, पण त्याचा त्रास तंबूला जास्त, शिकारीला कमी. बर्फात पावलं छान दिसतात.

मग अडतं कुठे? जमिनीच्या हद्दीत.

ब्लॅक हिल्स राष्ट्रीय अरण्याच्या नकाशावरच्या सीमेत साधारण पंधरा लाख एकर येतात. त्यापैकी साडेबारा लाखांच्या आसपास सरकारी आहेत. म्हणजे बहुतेक सगळी जमीन आपलीच, असं घरी बसून वाटतं. पण उरलेली जमीन कुठे आहे ते पाहा. १८७४ मध्ये लष्करी अधिकारी जॉर्ज कस्टरच्या मोहिमेला इथे सोनं दिसलं, १८७६ पर्यंत डेडवुड हे खाणवाल्यांचं गाव उभं राहिलं. १८७२ च्या खाणकायद्याखाली लोकांनी पट्टे घेतले, पुढे १९०६ च्या कायद्याने राखीव जंगलातली शेतीजोगी जमीनही वसाहतीला खुली झाली. घर थाटणाऱ्या माणसाने काय निवडलं असेल? ओढा, ओढ्याकाठचं गवत, सपाट दरी. म्हणून आजही डोंगराचा उतार सरकारी आणि दरीचा तळ खाजगी, असं चित्र जागोजागी दिसतं. नकाशा उघडला की हिरव्या लुगड्याला पांढरी ठिगळं लावल्यासारखा दिसतो. आणि वसंतात टर्कीला जे हवं असतं तेही नेमकं हेच: पाणी, कोवळं गवत, पिसारा फुलवून मिरवायला मोकळी सपाटी.

परिणाम असा. पहाटे तुम्ही रिजवर आहात. खाली उतारावरच्या जाड पाइनवर नर ओरडतोय. फोनवरचा नकाशा सांगतो की तुम्ही सरकारी जमिनीवर आहात आणि ते झाडही सरकारी आहे. तुम्ही चोरपावलांनी शंभर यार्डांवर जाऊन बसता, एक हलका कॉल देता, तो उत्तर देतो. मग उजाडतं, माद्या झाडावरून उतरतात आणि थेट खालच्या कुरणात जातात. तो त्यांच्या मागे. कुरण खाजगी. पुढचा तासभर तो तिथे तुमच्या डोळ्यांदेखत गोल गोल फिरतो. त्याला वर बोलवा, असं अनुभवी लोक म्हणतील, आणि कधी कधी तो येतोही. पण माद्या सोबत असलेला नर त्यांना सोडून, चढण चढून, तारेखालून येतो असं मी फारसं पाहिलेलं नाही.

तो येत नसेल तर एरवी आपण काय करतो? वळसा घालून त्याच्या पुढे जातो. मेरियम्स झाडावरून उतरल्यावर खूप चालतो. एक मैल, दीड मैल त्याला काहीच नाही. त्याची वाट ओळखून पुढे जाऊन बसणं हीच या पक्ष्याची खरी शिकार आहे, असं माझं मत. ब्लॅक हिल्समध्ये हा वळसाच मध्ये तुटतो. दोनशे यार्ड गेलं की पांढरं ठिगळ. त्याला बगल द्यायला उलट दिशेने उतरायचं, तर पलीकडे दुसरं. साउथ डकोटात पाटी लावलेली नसली तरी खाजगी जमिनीवर परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. म्हणजे कुंपण दिसत नाही म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही. नजर सारखी फोनवर, आणि फोनमधला निळा ठिपका झाडीत दहा-पंधरा यार्ड इकडेतिकडे होतो. कान जंगलात असायला हवेत, ते स्क्रीनवर अडकतात. परवानगी मागायला मी गेलेलो आहे आणि लोक सौजन्याने बोलतात. पण वसंताच्या आठवड्यात त्यांच्या दारात माझ्यासारखे आधीच येऊन गेलेले असतात.

हीलामध्ये हा एक जाच जवळपास नाही. जवळपास म्हणतो, कारण सॅन फ्रान्सिस्को नदीच्या काठाने आणि काही ओढ्यांवर तिथेही खाजगी जमिनी आहेत. पण अरण्यच तेहतीस लाख एकरांचं. त्यातला साडेपाच लाखांहून मोठा हीला वाइल्डरनेसचा भाग वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांच्या आग्रहाने १९२४ मध्ये राखला गेला. तिथे आजही मोटार, सायकल काही चालत नाही. पहिल्या खेपेला वाइल्डरनेसमध्ये शिरायची गरज नाही. केमाडोच्या दक्षिणेला, लूनाच्या आसपास, रिझर्व्ह गावाच्या वरच्या मेसांवर (सपाट माथ्याच्या डोंगरांवर) फॉरेस्ट रोडने गाडी जाते आणि पाँडेरोसाचं जंगल सात-आठ हजार फुटांवर पसरलेलं मिळतं. पहाटे गॉबल आला की फक्त एकच विचार करायचा: तो कुठे चालला आहे. मध्ये कॅन्यन असेल, छातीत धाप भरेल, पण "तिथे मला जाता येईल का" हा प्रश्न मनात येत नाही. पक्ष्याच्या मागे अख्खी सकाळ घालवायची मोकळीक मला ब्लॅक हिल्समध्ये मिळाली नव्हती, ती इथे मिळाली. कान तयार झाला तो इथेच.

आता हीलाची दुसरी बाजू, कारण ती लपवून कुणाला तिकडे पाठवणं बरोबर नाही. पक्षी विरळ आहेत. सगळं जंगल चांगलं दिसतं आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी टर्की नसतात. काही पहाटा संपूर्ण शांत जातात. अशा वेळी कॉल वाजवत बसण्यापेक्षा गाडीने जागा बदलावी, मातीच्या रस्त्यावर पावलं शोधावीत. पाणी हाच धागा धरा. गुरांसाठी बांधलेले मातीचे छोटे तलाव नकाशावर असतात. काठच्या चिखलात ताजी पावलं आणि विष्ठा दिसली, तर वरच्या जाड, आडव्या फांद्यांच्या पाइनखाली संध्याकाळी कान देऊन बसा. वारा तर विचारू नका. एप्रिल-मे हे न्यू मेक्सिकोचे वाऱ्याचेच महिने. दहा-अकरानंतर पाइनमधून असा घोंघावतो की दीडशे यार्डांवरचा गॉबल हरवतो. सकाळचे पहिले दोन-तीन तास हीच तुमची शिकार, हे धरून चला.

आणि वणवा. कोरड्या वर्षी शेकोटीवर बंदी येते, कधी जंगलाचे भाग बंदही होतात. २०२२ मध्ये १३ मेला सुरू झालेल्या ब्लॅक फायरने हीलामध्ये सव्वातीन लाख एकर जाळले. निघण्याच्या आठवड्यात बंदीचे आदेश तपासा, गॅसचा स्टोव्ह न्या, शेकोटीच्या भरवशावर राहू नका.

डेन्व्हरहून अंतर जवळजवळ दुप्पट पडतं. सोकोरोनंतर पश्चिमेला वळलं की वस्ती तुरळक होत जाते आणि फोनला रेंज नसते. हातात लांबलेला शनिवार-रविवारच असेल, लहान मूल सोबत असेल, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच टर्कीचा आवाज जवळून ऐकायचा असेल, तर ब्लॅक हिल्सला जा. त्यात काही कमीपणा नाही आणि तुम्हाला बहुधा माझ्यापेक्षा जास्त पक्षी दिसतील. मात्र जायच्या आधी नकाशावर मोठे, सलग हिरवे तुकडे शोधून ठेवा, आणि दरीऐवजी उंचावरून, पठारावरून सुरुवात करा. बर्फ वितळत जातो तसे पक्षी वर सरकतात. वरची जमीन जास्त करून सरकारी आहे.

पण सहा-सात दिवस काढता येत असतील, चालायची तयारी असेल आणि स्वतःच्या हिमतीवर शिकार शिकायची असेल, तर माझा कल हीलाकडे आहे.

तिथे हंगाम एरवी १५ एप्रिल ते १५ मे असतो. मी मेचा पहिला आठवडा घेईन. माद्या अंड्यांवर बसू लागतात, नर एकटे पडतात आणि कॉलला ऐकतात. काही युनिट्स (शिकारीचे ठरवलेले विभाग) सोडतीतूनच मिळतात, ती आधी वगळा. फॉरेस्ट सर्व्हिसच्या (सरकारी वनखात्याच्या) जमिनीसाठी लागणारा हॅबिटॅट स्टँप लायसन्ससोबतच घ्या. पक्षी मिळाला तर त्याची दाढी (छातीवरचा केसांसारखा झुपका) पिसांसकट कातडीला चिकटलेली राहू द्या, तसा नियम आहे. मेमधल्या दुपारी मांस टिकत नाही, म्हणून आइसबॉक्समध्ये एक थर बर्फ केवळ त्यासाठी राखून ठेवा. मांड्या चिवट असतात, फेकू नका. घरी आणून कुकरला लावा आणि काळ्या मसाल्याचा रस्सा करा. पाणी माणशी रोज एक गॅलन, स्पेअर टायर एकाऐवजी दोन, कागदी नकाशा. पाऊस झाला तर तिथल्या चिकणमातीच्या रस्त्यांवर दुपारपर्यंत गाडी हलवू नका, आणि जंगलात शिरण्यापूर्वी टाकी रिझर्व्ह गावात पूर्ण भरून घ्या.