स्पॅनिशचा ऑनलाइन क्लास: टोमॅटो पुल्लिंगी, लाजलेली मी स्त्रीलिंगी

आठ आठवड्यांची वीकेंड बॅच नुकतीच संपली. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली थोड्या शिव्या आहेत.

पहिले दोन तास नुसतं विशेषणांचं लिंग. आल्तो-आल्ता (उंच), रोखो-रोखा (लाल), घोळ घोळ घोळलं. अहो आपण काळा घोडा, काळी मांजर, काळं कुत्रं असं तिन्हीत बोलत मोठे झालो, इथे तर दोनच आहेत! ग्रांदे (मोठा), वेर्दे (हिरवा) बदलत नाहीत यात तरी काय नवल, आपलं लाल नि सुंदर कुठे बदलतं? पण नोट्स सगळ्या इंग्रजीवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या.

मी अडकले भलतीकडेच. 'मी दमले' म्हटलं की आपलं क्रियापदच सांगतं की बोलणारी बाई आहे, स्पॅनिशमधे क्रियापद गप्प बसतं आणि ते काम विशेषण करतं, एस्तोय कान्सादा. मी महिनाभर पुल्लिंगी कान्सादो, कान्सादो करत होते आणि क्लासचं अ‍ॅप नुसती लाल फुली मारायचं, कारण शून्य. एल आग्वा फ्रीया (थंड पाणी) मधे पुल्लिंगी एल असून स्त्रीलिंगी फ्रीया कसं, तेही तासातच कळलं (आग्वा स्त्रीलिंगीच, पण सुरुवातीच्या 'आ'वर जोर आहे म्हणून एल लागतं, अनेकवचनात परत स्त्रीलिंगी लास).

पण उपमांचं सेशन, पैसा वसूल! लाजून लाल झाली म्हणजे रोखा कोमो उन तोमाते. मी उनचं (एक) स्त्रीलिंगी करून लिहिलं उना तोमाते. टीचर म्हणाली, तू लाजलीस म्हणून टोमॅटोची बाई झाली का? म्हणजे विशेषण माणसाप्रमाणे फिरतं, उपमेतली वस्तू आपलं लिंग सोडत नाही. डोकं फिरलेला पुरुष पण 'एस्ता कोमो उना काब्रा', शेळीच. गोड मुलीला 'एरेस उन सोल', सूर्यच. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली, आपणही काकांना गरीब गाय म्हणतोच की, आणि आत्याला वाघ!

जोडीदाराला मेदिया नारान्खा म्हणतात, अर्धं संत्रं, नवरा असला तरी मेदियाच. आम्ही नागपूरचे, घरी सांगितलं तर नवरा म्हणे, सोललेलं की सालासकट?

आता शिवी. सेर आणि एस्तार ('असणे'ची दोन क्रियापदं, एस आणि एस्ता ही त्यांचीच रूपं) यांचा फरक सातव्या आठवड्यात ठेवलाय आणि उपमा चौथ्यात. 'एस मास बुएनो के एल पान' म्हणजे पावाहून चांगला, स्वभावाने देवमाणूस. एसच्या जागी एस्ता घातलं की तेच वाक्य 'दिसायला कसला कडक आहे' असं होतं. हे कोणी आधी सांगितलं नाही आणि मी भर तासात सासऱ्यांबद्दल एस्ता वापरलं. टीचरने कॅमेरा बंद केला, हसत होती बहुतेक.

टीचरला पाच स्टार, अ‍ॅपला दीड. रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी उडतं, उपमांचं तेवढं आधीच उतरवून घ्या.