केळीच्या हिवाळ्यासाठी फ्लीसचे कापड
इंग्लंडमधील आमच्या बागेत मुसा बास्जू ही मूळची दक्षिण चीनमधील केळ आहे. तिची फळे खाण्याजोगी नसतात, तरी गणपतीच्या नैवेद्याला घरचे पान मिळते, याचे मला मोठे समाधान आहे. तिच्यासाठी घेतलेले पांढरे फ्लीस, म्हणजे झाडे थंडीपासून झाकण्याचे हलके कापड, मी २ हिवाळे वापरले. त्यातून हवा खेळत राहते, त्यामुळे प्लास्टिकच्या आवरणात दमट होऊन कुजतो तसा बुंधा कुजत नाही, हा त्याचा खरा गुण आहे. मात्र नुसत्या कापडावर विसंबू नये. पहिल्या हिमाने पाने काळवंडली की ती छाटावीत, बुंध्याभोवती तारेच्या जाळीचे कडे उभारून त्यात कोरडा पेंढा भरावा, त्यावर कापड गुंडाळावे आणि शेंड्यातून पाणी झिरपणार नाही असे झाकण ठेवावे. कंदावर पालापाचोळ्याचा जाड थर असल्यास कंद सुमारे उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतो आणि बुंधा गेला तरी वसंतात मुनवे, म्हणजे कंदातून येणारे नवे कोंब, फुटतात. माझे कापड दर चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचे होते आणि वाऱ्याने त्याच्या कडा फाटल्या. यंदा मी ३० ग्रॅमचे घेतले आहे.