इमोबिलायझरने गाडी अडवली: सेवाकेंद्र, चावी-कारागीर की दुसरा मॉड्यूल?

स्टार्टर नेहमीसारखा फिरतो, इंजिन क्षणभर चालू होते आणि पुढच्याच सेकंदाला बंद पडते. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह मात्र लुकलुकत राहते. काही गाड्यांत तर स्टार्टरही फिरत नाही. हे इमोबिलायझरचे, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचे काम असते. अशा वेळी गाडी अधिकृत सेवाकेंद्रात न्यावी, चावी कोडिंग करणाऱ्या, म्हणजे गाडीला नवी चावी ओळखायला लावणाऱ्या, स्वतंत्र कारागिराला बोलवावे की मॉड्यूलच (चावी तपासणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) बदलावा, असा प्रश्न पडतो. माझ्या मते खर्चापेक्षा दोन गोष्टी येथे अधिक निर्णायक ठरतात: चालणाऱ्या किती चाव्या हाती आहेत, आणि बिघाड चावीत आहे, तिची चिप वाचणाऱ्या कड्यात आहे की मॉड्यूलमध्ये.

चावीच्या डोक्यात बसवलेली चिप सेलवर चालत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या तारेच्या कड्यातून, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या लहरींमधून, तिला ऊर्जा मिळते आणि मॉड्यूलच्या सांकेतिक प्रश्नाला ती उत्तर देते. उत्तर जुळले तरच इंजिन चालू राहू दिले जाते. दरवाजे उघडणाऱ्या रिमोटचे काम वेगळे असते, म्हणून ‘रिमोट चालतो, अर्थात चावी ठीक आहे’ हा निष्कर्ष फसवा आहे. मी एकदा चावीचे तडकलेले कव्हर बदलून घेतले. रिमोटची पट्टी नव्या कव्हरात आली, दरवाजे उघडले, पण गाडी काही सुरू होईना. तांदळाच्या दाण्याएवढी चिप जुन्या कव्हराच्या खाचेतच राहिली होती, आणि ते कव्हर सुदैवाने अजून कचऱ्यात गेले नव्हते.

म्हणून कोणालाही बोलावण्यापूर्वी दुसरी चावी लावून पाहावी. ती चालली, तर दोष चावीत आहे. दोन चिपच्या चाव्या एकाच कडीत असतील तर त्या वेगळ्या कराव्यात, कारण त्या एकमेकींच्या उत्तरात अडथळा आणतात. बटनाने सुरू होणाऱ्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल, तर बहुधा तो रिमोट बटनाला टेकवून किंवा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवून गाडी सुरू करता येते. बॅटरी अशक्त असेल तर आधी ती चार्ज करावी. विसावलेल्या अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास दाब असलेली बॅटरी पूर्ण भरलेली मानतात, आणि दाब फार घसरला की मॉड्यूल विचित्र वागू लागतात. स्कॅनर (गाडीतील बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) उपलब्ध असेल तर पी ०५१३ हा कोड चुकीच्या चावीकडे, तर यू ०१६७ हा इमोबिलायझर मॉड्यूलशी संपर्क तुटल्याकडे बोट दाखवतो. दुसऱ्या कोडवर नवी चावी घेणे म्हणजे पैसे पाण्यात. तेथे आधी फ्यूज, अर्थिंग आणि वायरिंग पाहावे लागते.

दोष चावीचाच असेल आणि एक चावी चालत असेल, तर स्वतंत्र कारागीर हा मला सरस पर्याय वाटतो: तो गाडी उभी आहे तेथे येतो आणि अनेक गाड्यांमध्ये चालू चावीवरून नवी चावी बनवून देतो. सगळ्याच चाव्या हरवल्या असतील, किंवा गाडी इतकी नवी असेल की कोडिंगची परवानगी उत्पादकाच्या सर्व्हरवरूनच मिळते, तेव्हा सेवाकेंद्राचा वेळखाऊपणा सोसलेला परवडतो. तेथे मालकीची कागदपत्रे मागतात. जो कारागीर ती मागतच नाही, त्याच्यापासून दूर राहिलेले बरे. आणखी एक पारख सांगता येईल: घाईने आकडे बदलून पाहणाऱ्याला थांबवावे. काही फोक्सवॅगन गाड्यांत चुकीचा गुप्त क्रमांक वारंवार दिला की पुढच्या प्रयत्नापूर्वीची प्रतीक्षा वाढत जाते, आणि फोर्डच्या अनेक गाड्यांत कोडिंगची परवानगी मिळण्यापूर्वी १० मिनिटे थांबावेच लागते. तेवढा वेळ शांत बसणारा माणूस बहुधा काम जाणणारा असतो.

भंगारातून आणलेला मॉड्यूल स्वस्त दिसतो, पण तो आपल्यासोबत दुसऱ्या गाडीच्या चाव्यांची ओळख घेऊन येतो. तसाच बसवला तर आतापर्यंत नसलेला इमोबिलायझरचा बिघाड नव्याने उभा राहतो. हा मार्ग तेव्हाच घ्यावा, जेव्हा मूळ मॉड्यूल जळाल्याची खात्री झाली आहे आणि त्याच्या स्मृतीतील माहिती नव्यात उतरवून देणारा जाणकार उपलब्ध आहे. ऑडीसारख्या गाड्यांत काही मॉड्यूलना उत्पादकाची ऑनलाइन मान्यताही लागते, त्यामुळे तेथे वाचलेले पैसे पुढे खर्च होतात.

इमोबिलायझर कायमचा निकामी करून देण्याचा चौथा पर्यायही कोणीतरी सुचवतोच. ज्या देशांत तो बंधनकारक आहे (युरोपीय संघात १९९८ पासून, ऑस्ट्रेलियात २००१ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या गाड्यांसाठी), तेथे यामुळे नियमांचा आणि विम्याचाही प्रश्न उभा राहू शकतो. मी तो तुलनेतही धरत नाही.

आज गाडी सुरू होत असेल पण चावी एकच असेल, तर दुसरी आताच करून घ्यावी. जुन्या फोर्ड गाड्यांत तर दोन चालू चाव्या असल्या की तिसरी मालकाला स्वतःच नोंदवता येते. एकच उरली की त्याच कामासाठी स्कॅनर बाळगणारा माणूस शोधावा लागतो.