टो फ्लोट: आठ महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू (राजाराम तलाव, कोल्हापूर)

ज्या बायकांना टँकमध्ये चांगलं पोहता येतं पण तलावात उतरायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय. मी ही वस्तू घेताना मराठीत कुठेच काही वाचायला मिळालं नव्हतं आणि इंग्रजीतले रिव्ह्यू सगळे थंड समुद्रात वेटसूट (अंग गरम ठेवणारा जाड रबरी सूट) घालून पोहणाऱ्या लोकांचे, त्यांचा आपल्याला फारसा उपयोग नाही.

टो फ्लोट म्हणजे हवा भरायची नारिंगी पिशवी. कमरेला पट्टा, पट्ट्याला हातभर दोरी, दोरीच्या टोकाला ही पिशवी, आपण पोहतो आणि ती मागून तरंगत येते. बस्स एवढंच. मी पहिल्यांदा घरी आणून फुगवली तेव्हा आई म्हणाली, "अगं हा तर भोपळाच की." आईचं माहेर कागल तालुक्यातलं, ती लहानपणी विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकली, मामा लोक पत्र्याचा डबा बांधून. आणि खरंच आहे ते, फरक एवढाच की भोपळा पाठीवर बांधला की तो तुम्हाला उचलून धरतो, आणि हा फ्लोट दोरीनं लांब असतो, तुम्ही त्याला धरलं तरच तो तुम्हाला धरतो. हा फरक नीट समजून घ्या, पुढे त्यावर लिहिलंय.

थोडं माझ्याबद्दल. वय ४३, नोकरी, दोन मुलं, पोहायला शिकले ४१ व्या वर्षी. वीरधवल खाडेचं कोल्हापूर हे, एशियन गेम्सचं मेडल आणणारा पोरगा इथला, त्यामुळे पोहणारी पोरं इथे भरपूर. पण चाळिशीतल्या बाईला शिकायचं असेल तर बॅचची वेळ बघूनच निम्म्या जणी गळतात. मी ज्या टँकवर जायचे तिथे लेडीज बॅच सकाळी ११ ची, म्हणजे नोकरीवाल्या बाईनं यायचंच नाही असं धरून चाललेले. शेवटी दुसऱ्या टँकवर पहाटेची मिक्स बॅच मिळाली आणि तिथून गाडी पुढे गेली. गेल्या वर्षी ठरवलं की इथल्या ट्रायथलॉनला ऑलिम्पिक डिस्टन्स करायचं, म्हणजे दीड किलोमीटर स्विम, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर रन, सगळं एकापाठोपाठ. सायकल आणि रनची मला भीती नव्हती. विद्यापीठाच्या आवारात मी दहा वर्षं पळतेय, सायकलला रविवारी पहाटे हायवेनं कागलपर्यंत जाऊन यायचं, येऊन लगेच बूट बदलून अर्धा तास पळायचं, पहिली दहा मिनिटं पाय दुसऱ्याचेच वाटतात पण ते सवयीनं जमतं. टँकमध्ये दीड किलोमीटर न थांबता होत होतं. प्रश्न होता तो फक्त तलावाचा.

पहिल्यांदा तलावात उतरले तेव्हा फ्लोट नव्हता. तलावात पोहणाऱ्या आमच्या ग्रुपमधली तीन-चार माणसं बरोबर होती, सगळी अनुभवी. काठापासून साधारण ५०-६० मीटर गेले असेन, डोकं पाण्यात घातलं तर खाली काहीच दिसेना, टँकमध्ये तळाला जी काळी पट्टी असते तिच्यावर आपण किती विसंबून असतो ते तेव्हा कळलं. हिरवट काळं पाणी, स्वतःचा हातसुद्धा कोपरापुढे दिसत नाही. श्वास वर वर व्हायला लागला, मी सोडतच नव्हते, नुसता आत घेत होते, आणि असं झालं की छाती भरलेली असूनही हवा पुरत नाही असं वाटतं. धरायला काही नाही, उभं राहायला तळ नाही. ग्रुपमधल्या एका दादांनी शेजारी येऊन "ताई पाठीवर व्हा, आकाशाकडे बघा, घाई नाही" असं म्हणत म्हणत काठाला आणलं. त्यानंतर तीन आठवडे मी तलावाकडे फिरकले नाही. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण नंतर कळलं की निम्म्या ग्रुपचं पहिल्या वेळी हेच झालं होतं, पुरुषांचंसुद्धा, फक्त कोणी बोलत नाही.

मग त्याच दादांनी फ्लोट घ्यायला सांगितलं.

आता मुख्य मुद्दा, ह्यानं नक्की काय होतं. माझ्याकडे साधारण २० लिटरची पिशवी आहे. पूर्ण भरली तर तेवढीच, म्हणजे जवळपास २० किलोची वर उचलणारी ताकद तिच्यात असते. आता माणूस पाण्यात तसाही जवळजवळ तरंगतच असतो, तोंड पाण्याबाहेर ठेवायला काही किलोचा आधार पुरतो, त्यामुळे ७० किलोचं माणूस दोन्ही हातांनी फ्लोट छातीखाली धरून आरामात पडून राहू शकतं. मी तलावाच्या मध्यावर अशी पाच-पाच मिनिटं पडून राहिलेय, घाटावरची माणसं, उडणारे बगळे बघत. ज्या जागेची भीती वाटत होती त्याच जागी थांबता येतं, श्वास परत जागेवर आणता येतो, आणि मग परत पोहायला सुरुवात करता येते. टँकमध्ये आपण दर २५ मीटरला भिंतीला हात लावतो, ही माझी बरोबर फिरणारी भिंत झाली. पहिल्या रविवारी मी चार वेळा थांबले, दुसऱ्या रविवारी दोनदा, पाचव्या-सहाव्या रविवारी एकदाही नाही. मागे आहे एवढं माहिती असलं की झालं, हात लावायची वेळच येत नाही.

परदेशातले रिव्ह्यू म्हणतात की फ्लोट मुख्यतः बोटींना आपण दिसावं म्हणून. आमच्या ग्रुपमध्ये वेटसूट कोणी घालत नाही, पाणी तेवढं गार नसतं, आणि वेटसूट जो एक तरंगण्याचा आधार देतो तो आपल्याकडे मुळात नाहीच. शिवाय तलावाचं पाणी गोडं, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शरीर जास्त वर राहतं, गोव्याला मिरामारच्या समुद्रात उतरले तेव्हा तो फरक मला लगेच जाणवला. त्यामुळे आपल्याकडे नवीन माणसाला आधार म्हणून ह्याची गरज जास्त आहे असं माझं मत. दिसण्याचा फायदा आहेच, पावसाळी सकाळी ढगाळ उजेडात काळी टोपी आणि काळे केस अजिबात दिसत नाहीत, काठावर बसलेली माझी मुलगी नारिंगी ठिपक्यावरून मला ओळखायची.

पोहताना ओढ बसते का? सगळे हेच विचारतात. जवळजवळ नाही. फ्लोट पाण्यावर तरंगत घसरत येतो, दोरी बरोबर लांबीची असेल तर मांड्यांच्या वर कुठेतरी असतो आणि जाणवतही नाही. दोरी लांब ठेवली तर पायांत येते, किक मारताना पिशवीला पाय लागत राहतात आणि डोकं फिरतं. आखूड केली तर पार्श्वभागावर आपटते. मला तीन खेपा लागल्या योग्य लांबी सापडायला.

वारा मात्र हिचा शत्रू. तलावावर जरा उशीर झाला की वारा सुटतो, आणि टम्म फुगवलेली पिशवी वाऱ्यावर आडवी जाते, पट्टा एका बाजूला ओढला जातो आणि नकळत तुम्ही वाकडं पोहायला लागता. एकदा माझ्या घड्याळात १५०० मीटरच्या रूटला पावणेदोन किलोमीटर दिसलं, थोडं माझं साइटिंग कच्चं (दर सात-आठ हातांनी नुसते डोळे पाण्यावर काढून समोरचं झाड बघायचं, ते मी विसरत होते) आणि थोडं ह्या पिशवीचं. उपाय सोपा, हवा पूर्ण भरायची नाही, साधारण पाऊण भरायची, मग ती पाण्यावर बसून राहते आणि आधाराला तरीही पुरते.

बायकांच्या दृष्टीनं काही गोष्टी. पट्टा पुरुषांच्या कमरेच्या हिशोबानं केलेला वाटतो. आपली कंबर आणि हिप्स ह्यांच्यात फरक असल्यामुळे तो पोहता पोहता वर सरकत बरगड्यांखाली येतो आणि श्वास घेताना टोचतो. मी तो नाभीच्या खाली, हिपच्या हाडांवर घट्ट बांधते आणि बकल पाठीमागे फिरवते, आता सरकत नाही. ट्रायसूटवर (ट्रायथलॉनचा अंगाला घट्ट बसणारा एकसंध सूट) बांधला तर जास्त चांगला बसतो, साध्या कॉस्च्यूमवर घसरतो.

दुसरं, ड्रायबॅगवालाच घ्या. म्हणजे पिशवीला वरून गुंडाळून बंद करायचं तोंड असतं आणि आत सामान ठेवता येतं. मी उतरायचे तिथे बायकांना कपडे बदलायला आडोसा नव्हता. मी शिंप्याकडून दोन टर्किश टॉवेल जोडून डोक्यातून घालायचा मोठा अंगरखा शिवून घेतलाय, तो, गाडीची किल्ली, फोन, आणि पाळीच्या दिवसांत लागणारं सामान, सगळं त्या पिशवीत माझ्याबरोबर पाण्यात असतं. काठावर सामान कोणाच्या भरवशावर ठेवायचं ही काळजी संपते आणि दुसऱ्या काठाला बाहेर पडायचं झालं तरी अडत नाही. फोन मात्र आणखी एका झिपच्या पाऊचमध्ये घालूनच ठेवा, तोंड तीन वेळा तरी गुंडाळा, एक वळण कमी पडलं तर आत ओल येते.

माझा पहिला फ्लोट स्वस्तातला होता, साडेचारशेला ऑनलाइन, एकाच कप्प्याचा. दीड महिन्यात व्हॉल्व्हपाशी हवा सुटायला लागली, तेही मध्यावर असताना कळलं, धरायला गेले तर मऊ लागला. सुदैवानं तोपर्यंत माझी भीती गेली होती आणि बरोबर माणूस होतं. नाव लिहीत नाही कारण तसलाच माल दहा नावांनी विकला जातो. दुसरा ११५० चा घेतला, दोन वेगळे हवेचे कप्पे, दोन व्हॉल्व्ह, एक गेला तरी दुसरा राहतो. ह्या वस्तूत सातशे रुपये वाचवू नका. दर वेळी घरातून निघताना फुगवून बादलीत दाबून बुडबुडे येतात का ते बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे. वापरून झाल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचा, उन्हात टाकला की प्लास्टिक चिकट होतं आणि घड्यांवर तडकतं.

आणि आता ते वर राहिलेलं. हे लाइफ जॅकेट नाही. तुम्ही बेशुद्ध झालात, पायात भयंकर गोळा आला आणि हात पोचला नाही, तर हा मागे तरंगत राहील आणि तुम्ही पाण्यात. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी फ्लोट बांधून तलावात उतरायचं नाही म्हणजे नाही. आणि एकटीनं तर कधीच नाही. फ्लोट आहे म्हणून बरोबर माणूस नको, असं काही जणी म्हणायला लागल्यात, ते ऐकून मला फार काळजी वाटते.

रेसमध्ये मी तो लावला नाही, त्यामुळे शेवटचा महिना त्याची सवय सोडवायला ठेवला. आधी शेजारच्या मैत्रिणीच्या कमरेला फ्लोट आणि मी मोकळी, मग दोघी मोकळ्या आणि दादा फ्लोट घेऊन मागे. रेसच्या दिवशी बचावाच्या बोटी असतात आणि दमलं तर बोटीला धरून थांबायची मुभा ट्रायथलॉनच्या नियमात आहे, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही, मदत हवी तर हात वर करायचा. हे मला आधी माहिती असतं तर निम्मी भीती तिथेच गेली असती. मी धरलं नाही. सुरुवातीच्या गर्दीत एकाचा हात गॉगलवर बसला, श्वास पुन्हा वर वर व्हायला लागला, तेव्हा पाठीवर होऊन दहा श्वास मोजले, तेच जे सुरुवातीच्या रविवारी फ्लोटवर पडून केलं होतं, आणि परत वळून पोहायला लागले. ४६ मिनिटांत बाहेर आले. पुढची सायकल आणि रन ह्याबद्दल परत कधीतरी, तिथे काही विशेष झालं नाही, उन्हात शेवटचे तीन किलोमीटर चालत-पळत केले आणि पोहोचले.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क त्या पट्ट्याचा कापला. पहिल्या फ्लोटचा व्हॉल्व्ह सायकलच्या पंक्चर सोल्युशननं बंद केला होता, तो आता घरच्या टबात मुलांना खेळायला आहे, तलावावर नेत नाही. नवा मात्र रविवारी आमच्या ग्रुपमध्ये आलेल्या एका शिक्षिका बाईंना वापरायला देते, त्यांना टँकमध्ये एक किलोमीटर येतं आणि पहिल्या दिवशी गुडघाभर पाण्यातून पुढे येईनात. परवा त्या मधल्या खडकापर्यंत जाऊन आल्या, दोन वेळा थांबल्या, काठावर येऊन पट्टा सोडला आणि विचारलं, "पुढच्या वेळी हवा जरा कमी भरली तर चालंल का ओ?"