सेसना १७२ : आठ महिने, ९२ तास उडवल्यानंतर

बारामतीला सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटचा परवाना) येऊन आठ महिने झाले, लॉगबुकात ९२ तास आणि सगळे सेसना १७२ या चार सीटच्या छोट्या विमानावरच, आमच्याकडे आर मॉडेल आहे, १६० हॉर्सपॉवरवालं. नवीन पोरं सारखी विचारतात विमान कसंय, म्हणून एकदाच नीट लिहितो.

हे विमान चुका पोटात घेतं. सुरुवातीला मी जरा तिरकंच टेकवायचो तरी ते आपलं आपण सरळ व्हायचं. आधीच्या सेसना १७० विमानाला तिसरं चाक शेपटीखाली होतं, वजन मुख्य चाकांच्या मागे, त्यामुळे तिरकं टेकलं की शेपूट गरकन फिरायला बघते. १९५५ मधे त्याच विमानाचं ते चाक नाकाखाली आणलं, वजन पुढे आलं आणि १७२ तयार झालं. माझ्यासारख्या शिकाऊ पोराला याचं मोल विचारा.

पण मला खरं सांगायचंय ते फ्लॅपबद्दल, म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेने खाली वळणाऱ्या पट्ट्यांबद्दल. मे महिना, दुपारचे दोन, फुल फ्लॅप म्हणजे ३० अंश, मी फ्लोट होत होत, म्हणजे न टेकता तरंगत, अर्धा रनवे खाल्ला आणि शिकवणारे सर म्हणाले "गो अराउंड", म्हणजे उतरणं सोडून परत वर चढ. फुल पॉवर दिली तर नाक एकदम वर, मी जोर लावून खाली दाबलं, आणि विमान चढेचना. "फ्लॅप वीस कर आधी!" केलं, मग कुठे हळूहळू चढायला लागलं. खाली आल्यावर सरांनी सांगितलं की जुन्या मॉडेलला ४० अंश फ्लॅप असायचे, १९८१ च्या पी मॉडेलला वजनाची मर्यादा २४०० पौंड केली तेव्हा ३० वर थांबवले, कारण फुल फ्लॅपमधे गो अराउंड करूनही चढता आलं पाहिजे. जुने पायलट ४० ची तारीफ करतात, त्याने कमी जागेत तीव्र उतरता येतं म्हणून, असेल, पण त्या दुपारी ते १० अंश नव्हते हे माझं नशीब.

मागे बघायची काच १९६३ मधे आली, तिचा फार उपयोग मला झाला नाही. १९८६ ते १९९६ हे विमान बनतच नव्हतं, अमेरिकेत अपघातांच्या दाव्यांनी कंपन्या बेजार झाल्या होत्या, १९९४ मधे अशा दाव्यांना विमानाच्या वयाची १८ वर्षांची मर्यादा घालणारा कायदा आला, त्यानंतर परत सुरू झालं, आणि तेच आमचं आर. फ्युएल इंजेक्शन आलं म्हणून कार्ब हीटची (कार्ब्युरेटरमधे बर्फ जमू नये म्हणून गरम हवा सोडायची) कटकट गेली, मात्र गरम इंजिन परत सुरू करायला हात बसावा लागतो, इंजेक्शनवाल्या इंजिनांचं ते असतंच. इंधनात पाणी आहे का बघायला १३ ड्रेन (थोडं इंधन काढून बघायचे छोटे व्हॉल्व्ह) आहेत, दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि नाकाखाली तीन, एकही सोडू नका, घाई असली तरी.

आणि येण्याआधी गो अराउंडचा क्रम खुर्चीत बसून पाठ करा. पॉवर, नाक, फ्लॅप वीस. मी अजून रोज रात्री करतो.