बास्केटबॉलची आकडेवारी ठेवणारं ॲप: परभणीतला एक हंगाम

परभणीत शाळेच्या 17 वर्षांखालील मुलींना मी बास्केटबॉल शिकवतो. कोर्ट सिमेंटचं, उघड्यावर. गेल्या जुलैत 1,499 रुपये भरून आकडेवारी ठेवणारं एक ॲप वर्षभरासाठी घेतलं आणि त्यावर 12 सामने नोंदवले. घेऊ का नको या विचारात असलेल्या क्रीडाशिक्षकांसाठी हे लिहितोय.

आमचे सामने 10 मिनिटांच्या 4 क्वार्टरचे. पाच जणींची मिळून 200 मिनिटं होतात आणि ती कोणाला किती द्यायची हे आजवर मी नजरेनेच ठरवत आलो. टेबलावरच्या स्कोअरशीटवर गुण, फाउल, टाइमआउट सगळं कळतं, पण कोण किती मिनिटं खेळलं ते कळत नाही. आमच्या 4 नंबरच्या मुलीला मी पुरेशी विश्रांती देतो अशी माझी खात्री होती. पहिल्याच नोंदीत तिची मिनिटं निघाली 38. मला विचारलं असतं तर मी 30 सांगितली असती.

तो सामना आम्ही 41-44 ने हरलो. 4 नंबरचे 17 गुण, सगळ्यांत जास्त. 9 नंबरचे फक्त 2, ती खेळली 11 मिनिटं. पण ॲपमध्ये प्लस-मायनसचा रकाना असतो. खेळाडू आत असताना संघाने किती गुण केले आणि किती खाल्ले यातला तो फरक. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या बॉक्सस्कोअरमध्येही, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यातही, तो असतो. 9 नंबरच्या त्या 11 मिनिटांत आम्ही 8 ने वर होतो. ती बाकावर असताना, उरलेल्या 29 मिनिटांत, 11 ने खाली. रात्री जेवण बाजूला ठेवून मी ते आकडे पाहत बसलो. ही मुलगी शॉट फार मारत नाही, पण समोरच्या संघातल्या मुलीला पाठीवर अडवून धरते, तिच्यामुळे रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, आमच्या दुसरीला मिळतो. ते रिबाउंड कधीच तिच्या नावावर लागले नाहीत.

एका सामन्यावर विसंबू नका, हेही तितक्याच कळकळीने सांगतो. त्या 11 मिनिटांपैकी बराच वेळ समोरची उंच सेंटर 4 फाउल झाल्यामुळे बाहेर बसली होती. पुढचे सहा-सात सामने बघितले, 9 नंबर बहुतेक वेळा प्लसमध्येच राहिली, तेव्हा कुठे मी तिची मिनिटं 20 च्या पुढे नेली.

ॲपमध्ये बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अमेरिकन अभ्यासक डीन ऑलिव्हर यांचे, सामना ज्यांवर ठरतो ते चार घटक दाखवणारं पान आहे: शॉटची अचूकता, टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणं), रिबाउंड, फ्री थ्रो. त्यांनी वजन दिलंय साधारण 40, 25, 20, 15 टक्के. ते एनबीएच्या खेळावरून काढलेलं. आमच्या वयाच्या मुलींत चेंडू हातातून जाणं त्याहून महागात पडतं, म्हणून मी टर्नओव्हर आधी बघतो.

आता तक्रारी. ॲप अमेरिकेतल्या शाळांसाठी बनवलेलं, त्यामुळे क्वार्टर आपोआप 8 मिनिटांचा धरतं. सेटिंग बदलायला विसरू नका. क्वार्टर बदलताना ते आधीचेच पाच खेळाडू आत धरतं. विभागीय स्पर्धेला संभाजीनगरला मध्यंतरात मी 9 ला आत घेतलं, ते नोंदवायचं राहिलं आणि दुसऱ्या हाफची तिची सगळी मिनिटं 6 नंबरच्या नावावर गेली. परतीच्या रेल्वेत, जालना गेल्यावर, लक्षात आलं. एका पालकाने काढलेल्या व्हिडिओवरून दोन दिवस बसून दुरुस्त केलं. एकतर्फी सामन्यातली शेवटची मिनिटं वगळण्याची सोयही नाही. दुबळ्या संघाविरुद्ध सगळ्याच जणी थोर दिसतात. आणि कोचने एकट्याने हे चालवू नये. आमच्याकडे अकरावीतली जुनी खेळाडू मोबाइल धरते. तिला खेळ कळतो म्हणून नोंदी बरोबर येतात.

तरीही पुढच्या वर्षाचे पैसे मी भरलेत, ते 4 नंबरसाठी. बाकावर बस म्हटलं की ती म्हणायची, "सर, मी दमले न्हाई." घरून विचारणा व्हायची, "आमच्या लेकीला कामून बसविलं?" मी तिला त्या पहिल्या, 41-44 च्या सामन्याचं पान उघडून दाखवलं. पहिल्या हाफमध्ये 12 शॉट, 6 बास्केट. चौथ्या क्वार्टरमध्ये 9 शॉट, 1 बास्केट. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सर, हे सगळे रिंगच्या पुढच्या कडेला लागलेले." पाय संपले की शॉट आखूडच पडतो, हे तिला मी तीन वर्षं सांगत होतो.

तेव्हापासून तिसऱ्या क्वार्टरची शेवटची 3 मिनिटं ती बाहेर. पुढची, दोन क्वार्टरमधल्या सुट्टीची 2 मिनिटं आयतीच मिळतात, म्हणजे 3 मिनिटांचा खेळ सोडून 5 मिनिटांची विश्रांती. आता घड्याळात 3 मिनिटं उरली की ती स्वतःच बाकाकडे बघते. 9 नंबर तोवर बदलीसाठी टेबलापाशी जाऊन उभी असते.