‘ताई, गाडी उचलली ना?’

लावलेल्या जागी गाडी दिसली नाही की आपण आधी स्वतःवरच शंका घेतो. मीही शेजारच्या गल्लीत बघून आले. परत येऊन किल्ली हातात धरून रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिले, आणि मागून आवाज आला, “ताई, गाडी उचलली ना? पांढरी?”

गळ्यात निळी पट्टी, तिला लटकलेलं कार्ड पालथं. रंग त्याला कसा माहीत, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. गाडी उचलताना तो तिथेच उभा असणार, हे घरी गेल्यावर सुचलं. त्या क्षणी तर चोरी नाही, उचललीय, एवढ्यानेच हायसं वाटलं होतं.

त्याने फोन लावला. पाच मिनिटांत त्याच्या मोबाइलवर माझ्या गाडीचा फोटो, मागे उचललेल्या गाड्या ठेवतात त्या यार्डची भिंत. त्या फोटोने मी विरघळले. “गाडी कुणाच्या नावावर?” म्हणाला. मी भाबडेपणाने सांगितलं, मिस्टरांच्या. लगेच दुसरं वाक्य तयार : “मग तर तुम्हाला देणारच नाहीत. आज शुक्रवार, आता यार्ड बंद. दंड, टोइंग सगळं माझ्याकडे द्या, सोमवारी दहाला गाडी बाहेर. मी बोलून ठेवतो.”

क्यूआर कोड स्कॅन केला तर स्क्रीनवर कुणा बाईचं नाव. विचारलं, तर “ऑफिसच्या मॅडमचं खातं”. मी पैसे पाठवले. हो, नाव वाचूनही पाठवले. बदल्यात पावती मिळाली, गोल शिक्क्यासकट. तिच्यावर पावती क्रमांकच नव्हता आणि गाडीच्या नंबरातला शेवटचा आकडा चुकला होता. दोन्ही गोष्टी घरी दिव्याखाली दिसल्या.

सोमवारी दहाला कुणी नाही. अकराला “निघालोय ताई”, दोनला “साहेब जेवायला गेलेत”, संध्याकाळी फोन बंद.

मंगळवारी मी थेट यार्डवर. खिडकीतल्या माणसाने पावती उलटी करून पाहिली आणि परत सरकवली. “ही आमची नाही.” त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. आणि त्याच खिडकीवर पाटी : सोडवणूक शनिवार-रविवारीही चालू!

खरा फटका इथे बसला. त्या माणसाने घेतलेले पैसे गेले ते गेलेच, पण त्याने मला थांबवून ठेवलं तेवढे दिवस यार्डचं मीटर पळत होतं. गाडी आत ठेवण्याचं भाडं रोज चढतं, आणि या यार्डात चोवीस तासांचा नव्हे, तारखेचा हिशेब. गाडी शुक्रवारी संध्याकाळी आत गेली, मी मंगळवारी सकाळी पोचले, म्हणजे पुरते चार दिवसही नाहीत. लावले 5. त्याच संध्याकाळी गेले असते तर 1 लागला असता. त्याचं आणि यार्डचं साटंलोटं होतं का? मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तसं म्हणत नाही. फोटो मात्र आतूनच काढलेला होता.

बिलात तीन गोष्टी वेगळ्या असतात आणि त्या एकत्र सांगितल्या की आपण गोंधळतो : नियम मोडल्याचा दंड, उचलून नेण्याचा खर्च, आणि ठेवण्याचं भाडं. दंड मान्य नसेल तर बहुतेक ठिकाणी त्यावर नंतर दाद मागता येते. भाडं मात्र आपल्या भांडणासाठी थांबत नाही. त्यामुळे आधी गाडी बाहेर काढायची, पावती जपायची आणि मग भांडायचं. माझ्या बिलात चौथी ओळही होती, ‘हाताळणी’. मी छापील दरपत्रक दाखवा म्हणाले. खिडकीतल्या माणसाने न बोलता ती ओळ खोडली. अख्ख्या प्रकरणात मी जिंकलेली एवढीच लढाई.

‘मिस्टरांच्या नावावर म्हणून देणार नाहीत’ हीसुद्धा थापच. मालकाचं सहीचं अधिकारपत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत, माझा परवाना, आरसी आणि चालू विमा, एवढ्यावर काम झालं. रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाचा विमा संपलेला होता. त्याला परत पाठवलं, म्हणजे त्याचा आणखी एक दिवस गेला. गाडी कुठे नेलीय हे कळायलाही दलाल लागत नाही. वाहतूक पोलिसांना फोन करून नंबर सांगितला की नोंद बघून सांगतात. नोंदच नसेल तर ती चोरी समजून लगेच तक्रार द्यायची.

पैसे भरल्यावर खिडकीतून एक कागद आला, “इथे सही करा, मग आत सोडतो.” मागे रांग, मी सही केली. त्यावर छापलं होतं, ‘वाहन सुस्थितीत मिळाले’. वाहन मी अजून पाहिलंच नव्हतं.

गाडी ऑटोमॅटिक, गिअर ‘पार्क’मध्ये टाकून लावलेली, आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. अशा गाडीची पुढची चाकं उचलायची असतात, नाहीतर अख्खी गाडी सपाट ट्रकवर चढवायची. माझी मागून उचलली होती. पार्कमध्ये पुढची चाकं अडकलेली असतात, त्यामुळे ती यार्डपर्यंत फिरलीच नाहीत, नुसती घासत गेली. दोन्ही पुढचे टायर एकेका जागी खरवडून सपाट झाले होते, तिथे बोट फिरवलं तर काळी भुकटी हाताला लागली. फाटकाबाहेर पडताच धप-धप-धप सुरू. मेकॅनिकने टायर बदलायला सांगितले आणि गिअरबॉक्स उघडून पाहावा लागेल म्हणाला.

मी फोटो काढले होते, पण घरी येऊन. तक्रार घेऊन परत गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने फाइल काढली आणि माझी सही माझ्याच समोर ठेवली.